कॉर्कची फरशी आणि माझी ताडपत्री

आमच्या चिखलीच्या घरात चकचकीत फरशीवर आई घसरली आणि तिच्या मांडीचं हाड मोडलं. काही महिन्यांनी हाड जुळलं, पण भीती काही गेली नाही. पलंगावरून पाय खाली टेकला की ती माझा दंड असा करकचून धरायची, की मलाच आधार लागेल असं वाटायचं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, रोज चालल्या नाहीत तर पाय कायमचे जातील.

त्यावर पुण्याच्या धाकट्या भावाने तिच्या खोलीत कॉर्कची फरशी बसवून दिली. कॉर्क म्हणजे एका झाडाची साल. पायाला मऊ, उबदार, आणि पाय घसरत नाही. कारागिराने जाताना बजावलं, बादलीने पाणी ओतू नका, घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसा, कपाट ओढू नका, काही सांडलं तर लगेच टिपा. एवढं सांभाळलं तर वर्षानुवर्षं टिकेल.

हे 'टिकेल' माझ्या डोक्यात पक्कं बसलं. आमच्याकडे टीव्हीचा रिमोट अजून पिशवीत आहे आणि सोफ्यावरचं प्लास्टिक मुलीच्या लग्नात काढायचं ठरलंय. मुलगी पाचवीत आहे. मी बाजारात गेलो, सोयाबीनच्या गंजीवर टाकतात तसली निळी ताडपत्री आणली आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत अंथरली. स्वतःच्या हुशारीवर मी बेहद्द खूश होतो.

साखरखेर्ड्याची मावशी मुद्दाम फरशी बघायला आली. मी ताडपत्रीचा कोपरा उचलून दाखवला. तिने बोटाने दाबून पाहिलं.

"मऊ हाय बाप्पा," ती म्हणाली, "पण चालाचं कुठून?"

मी तिला ताडपत्रीवरूनच चालून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी आईने हिंमत करून एक पाऊल टाकलं. ताडपत्री सरकली आणि ती झटकन पलंगावर बसली. पडली नाही, पण नंतर आठवडाभर पाय खाली टेकवायला तयार होईना. मी सगळा दोष कॉर्कला दिला. भावाला फोनवर सुनावलंसुद्धा, की तुझी ती साल काही कामाची नाही.

एका सकाळी मी ताडपत्रीवरची धूळ पुसत होतो. आई बराच वेळ बघत होती.

"काऊन रे, हे फरशी माह्यासाठी आणली का तुह्या ताडपत्रीसाठी?"

"आई, खराब होईल ना."

"अन् माहे पाय खराब होऊन राह्यले, त्याचं काय?"

मला फार लाज वाटली. बायकोने ताडपत्री गुंडाळली, दाराबाहेर ठेवली आणि म्हणाली, "हे वावरात पाठवा. तिथं तरी कामी येईन."

त्या दिवसापासून आई उघड्या कॉर्कवर चालू लागली. आधी माझा दंड धरून, मग भिंत धरून. मी पिळलेलं फडकं घेऊन तिच्या मागे. माणसाचा स्वभाव एकदम कसा जाणार?

परवा दुपारी खोलीच्या मधोमध चहाचे थेंब दिसले. आई पलंगावर पडली होती. मी गुडघे टेकून टिपायला बसलो, आणि त्या नादात एक जुना डागही घासायला घेतला. कॉर्कवर पावलांचा आवाज होत नाही, हे तेव्हा कळलं.

"सरक रे," डोक्यावरून आवाज आला, "मले जाऊ दे."

मी वर पाहिलं. आई उभी होती, आणि तिने कशालाच धरलेलं नव्हतं. मी रांगतच बाजूला झालो, आणि ती माझ्या शेजारून चालत दारापर्यंत गेली.