लव्हॉनच्या वहीतला शेवटचा सामना

कागदगिरणीचा भोंगा बंद पडून सोळा वर्षं झाली, तरी नॉर्ब व्हँडेनहॉय अजून पहाटे साडेपाचलाच उठतो. आवरून बोलिंगच्या अड्ड्यावर येतो. तिथं डार्ला काउंटरमागं कॉफी उकळत असते आणि हार्लन आधीच येऊन हीटरजवळची खुर्ची अडवून बसलेला असतो. हार्लन म्हणजे शाळेतला जुना कवायतमास्तर. शिट्टी गेली, पण आवाज शिट्टीचाच राहिला. तिसरा मी, ड्युएन. नॉर्ब माझ्या थोरल्या बहिणीचा, लव्हॉनचा नवरा. नात्यानं दाजी, पण मी त्याला नॉर्बच म्हणत आलो.

आम्हा तिघांत बोलायला एकच विषय. आमच्या फुटबॉल टीमचं वाटोळं कुणी केलं? चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकनं, का पळत जाऊन झेलणाऱ्या रिसीव्हरांनी?

नॉर्बचं मत लग्नाच्या आधीपासून पक्कं. क्वार्टरबॅक. चेहरे बदलले, मत बदललं नाही.

"चेंडू येळंवर सुटतच न्हाई त्याच्या हातनं," नॉर्ब म्हणायचा. "तिकडं गडी मोकळा पळतोय, आन् हा हितं उभा राहून इचार करतोय, लगीन ठरल्यागत."

"आरं पन सुटला तर झेलतंय कोन?" हार्लन टेबलावर मूठ आपटायचा. "लोणी फासून येत्यात हाताला. तुझ्या बायकोला इचार."

बायको रिसीव्हरांच्या विरुद्ध होती. आणि तिच्याकडं पुरावा होता. लव्हॉन शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं राबली. तिथली ओळी आखलेली वही ती मैदानावर घेऊन जायची. पानावर रिसीव्हरांची नावं, पुढं सामन्याच्या चार भागांचे, चार क्वार्टरचे, चार रकाने. चेंडू दोन्ही हातांना लागून खाली पडला, तरच एक उभी रेघ. एका हाताला लागला तर माफ. थंडीत पेनाची शाई गोठते म्हणून पेन्सिल, आणि पेन्सिल धरता यावी म्हणून उजव्या हातमोज्याचा अंगठा कापलेला. अशा एकवीस वह्या. गावात कुणाचं भांडण लागलं की लोक म्हणायचे, लव्हॉनच्या वहीत बघा.

जानेवारीत लव्हॉन गेली. मोरीत पडली ती उठलीच नाही. मेंदूत रक्त साकळलं म्हणाले. दफनानंतर चर्चच्या तळघरात हॅमचे सँडविच झाले, बायांनी बुयाचं, म्हणजे कोंबडी-भाज्यांच्या दाट रश्श्याचं, मोठं पातेलं शिजवलं, सगळे जेवले. नॉर्बही दोनदा वाढून घेऊन जेवला. सोमवारी सकाळी अड्ड्यावर आला आणि म्हणाला, "त्या क्वार्टरबॅकचा खांदाच कामातनं गेलाय." आम्हीही म्हणालो, बरं.

तसेच तीन महिने गेले. रडला नाही, चिडला नाही. जेवण बेचव झालं म्हणाला नाही आणि चवीचं आहे असंही म्हणाला नाही.

एप्रिल आला. एप्रिलात ड्राफ्ट. कॉलेजात खेळणारी पोरं टीमा आपापसांत वाटून घेतात, ज्यांचं जास्त वाटोळं झालं त्यांना आधी निवड. यंदा आमचा नंबर सातवा, म्हणजे वाटोळं बऱ्यापैकी झालेलं. आमच्या अड्ड्यावर लोणच्याची मोठी बरणी आहे. ड्राफ्टच्या दिवशी संध्याकाळी सहाला प्रत्येकानं चिठ्ठीवर लिहायचं, टीम कोणत्या जागेचा गडी उचलणार. ज्याचं बरोबर निघेल त्याला वर्षभर हीटरजवळची खुर्ची.

ड्राफ्टच्या आदल्या आठवड्यात हार्लनला कल्पना सुचली.

"डिसेंबरातला शेवटचा सामना. लव्हॉनच्या वहीतलं त्याचं पान आणायचं. फेकणाऱ्याचा दोष का झेलणाऱ्यांचा, एकदा कायमचं ठरू दे. आन् मग त्ये पान काचंत बसवून हितं टांगायचं, बोलिंगच्या गल्लीच्या वर. लव्हॉनची आठवण."

डार्ला म्हणाली, "लई बेस व्हईल. मी काच आणते."

नॉर्ब कपात बघत होता. मग म्हणाला, "कशाला वही? रिसीव्हरच. मला मान्य हाय."

हार्लनचा हात टेबलावर आपटायला वर गेला होता, तो वरच राहिला.

"काय म्हणालास?"

"रिसीव्हरांचाच दोष. तुमचं खरं. मिटलं."

"डार्ला, डागदरला बोलीव," हार्लन म्हणाला. "ह्याला ताप हाय. ही व्हँडेनहॉय जात हट्टात गाढवाला लाजवती आन् हा म्हणतोय मान्य हाय!"

सगळे हसले. मला हसू आलं नाही. चाळीस वर्षांत नॉर्बनं कुठलीच गोष्ट मान्य केली नव्हती, स्वतःचं बुटाचं मापसुद्धा. दुपारी मी त्याच्या घरी गेलो.

स्वयंपाकघर लख्ख होतं. ओट्यावर एक ताट, एक काटा, एक सुरी. मी म्हणालो, "वहीचं काय हाय, नॉर्ब?"

त्यानं वही खणातून काढून समोर ठेवली. शेवटचं पान मीच उघडलं.

पहिल्या क्वार्टरच्या रेघा सरळ. शाळेच्या बाईनं आखाव्यात तशा. दुसऱ्यात तिरक्या झालेल्या. तिसऱ्या रकान्यात चौदा रेघा, एकाखाली एक, पानाच्या खालच्या कडेपर्यंत घसरत गेलेल्या. आणि नावांच्या यादीत खाली नवीन नाव घातलेलं, हॉब्सन. हॉब्सन गुडघा मोडून घरी बसला त्याला अकरा वर्षं झाली. चौदा रेघा त्याच्याच पुढं. चौथा रकाना कोरा.

"शून्याखाली वीस व्हतं त्या दिवशी," नॉर्ब म्हणाला. "तिसऱ्या क्वार्टरला ती म्हणाली, नॉर्ब, माझा हात बधिर झालाय. मी म्हणलं, हातमोजा नीट घाल. मान वळवली न्हाई. त्यो क्वार्टरबॅक मागं मागं सरकत हुता, मी त्येच्यावर वरडत हुतो."

मैदानातल्या बाकड्यांवर डिसेंबरात कुणाचा हात बधिर होत नाही? पाय होतात, नाक होतं, कमरेखालचं सगळंच होतं. तीन आठवड्यांनी ती गेली. नाताळच्या जेवणात तिनं बटाट्यात दोनदा मीठ टाकलं, तेव्हा मीही समोरच होतो. मी तिची टर उडवली होती.

"दवाखान्यात डागदरनं इचारलं, आधी काही जाणवलं व्हतं का. मी न्हाई म्हणलं," नॉर्ब म्हणाला. "आन् आता हार्लन्या हे काचंत बसवतोय. रोज कॉफी पिताना वर बघायचं."

"सांगतो, सापडली न्हाई म्हणून. चर्चच्या बायांनी कपाट आवरलं, कुठं गेली कुणास ठाव," मी म्हणालो.

नॉर्बनं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही.

गुरुवारी, ड्राफ्टच्या दिवशी, संध्याकाळी साडेपाचला अड्डा भरला. बाहेर अजून ऊन होतं. डार्लानं चीज तळायला घेतलेलं. हार्लननं काचेची चौकट भिंतीला टेकवून ठेवली होती, खिळासुद्धा ठोकून झालेला.

"वही?" त्यानं मला विचारलं.

मी तोंड उघडलं. तेवढ्यात नॉर्बनं कोटाच्या आतून वही काढली, उघडली, टेबलावर सारली. क्वार्टरबॅकचा खांदा गेलाय असं सांगताना लागायचा त्याच आवाजात म्हणाला, "तिसऱ्या क्वार्टरला चौदा. हॉब्सनच्या नावावर."

हार्लन खदाखदा हसला. "हॉब्सन? आरं त्यो तर त्याच्या बाच्या दुकानात टायर इकतोय, त्यो कुठनं..." तो खाली वाकला. रेघांवरनं बोट कडेपर्यंत नेलं. कोऱ्या रकान्यावर बोट थांबलं. मग त्यानं चष्मा काढला आणि काही न पुसताच परत घातला.

"हात बधिर झालाय म्हणाली व्हती," नॉर्ब म्हणाला. "मी बगितलं न्हाई. डागदरला बी सांगितलं न्हाई."

कढईत चीज जळायला लागलं. डार्ला हलली नाही.

हार्लन म्हणाला, "त्या दिवशी माझे बी हात बधिर व्हते, नॉर्ब. समद्यांचेच व्हते."

"व्हय. पन तिनं सांगितलं व्हतं."

हार्लननं चौकट उचलली आणि काउंटरच्या मागं, भिंतीकडं तोंड करून ठेवली. खिळा तसाच राहिला. मग डार्लानं बरणी फिरवली, सगळ्यांनी चिठ्ठ्या टाकल्या. टीव्हीवर एकेक टीम आपला गडी उचलत होती. आमचा नंबर आला. माईकवरच्या माणसानं नाव वाचलं. निघाला डावीकडचा टॅकल, म्हणजे क्वार्टरबॅकच्या पुढं भिंतीसारखा उभा राहणारा. दीडशे किलोचा. फेकणारा नाही न् झेलणाराही नाही.

दरवर्षी अशा वेळी आरडाओरडा होतो, टोप्या उडतात. यंदा टोप्या डोक्यावरच राहिल्या. डार्लानं बरणी उलटी करून चिठ्ठ्या उघडल्या. एकाचंही बरोबर नव्हतं. नॉर्बच्या चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात होतं, रिसीव्हर.

वही त्यानं कोटात घातली. त्याच्या घरापर्यंत मी सोबत गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचलो तेव्हा हीटरजवळची खुर्ची मोकळी होती. हार्लन दुसऱ्या बाजूला बसलेला. खुर्ची कुणीच जिंकली नव्हती. नॉर्ब आला, उभा राहिला, खुर्चीकडं बघितलं आणि बसला. डार्लानं कप भरला. त्यानं कपाभोवती दोन्ही हात धरले.

"पाय जड हायत त्या टॅकलचे," तो म्हणाला.

"लई जड," हार्लन म्हणाला.