राखणीचा वार

समोर कुणीही आलं की अक्काचा हात आधी त्याच्या कानाला जायचा. कुत्रं असो, वासरू असो, नाहीतर कुणी पिशवीत घालून आणलेलं मांजराचं पिल्लू असो. दोन बोटांत कान धरायचा, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "गार हाय." आम्ही अदबीने विचारायचो, गार आहे म्हणजे काय झालंय? "त्ये मला काय म्हाईत? डॉक्टरला इचार."

हाताला ही सवय इतकी लागलेली, की पुढे माणूस आणि जनावर असा भेद उरला नव्हता. माझ्या औषधाच्या दुकानात आली तर फळीच्या पलीकडून हात लांब करून माझाही कान चाचपायची. एकदा निवारा बघायला कुणी साहेब आले होते. त्यांच्या कानालाही हात गेला. साहेब या भागात नवीन, त्यांना वाटलं इकडे पाहुण्याचा असाच मान करतात. त्यांनी वाकून नमस्कार केला. ते गेल्यावर अक्का मला म्हणाली, "ह्येचा पन गारच हाय."

अक्का म्हणजे आमच्या जोयड्याच्या प्राणी निवाऱ्याची अध्यक्ष. तुमच्या गावात अशी संस्था असेल तर तुम्हाला वेगळं सांगायला नको, की तिथे माया सगळ्यांना असते आणि सवड कुणालाच नसते. संस्था काढली त्या दिवशी आम्ही उत्साहाने चार उपाध्यक्ष निवडले. सचिव मी झालो, कारण मला कन्नडमध्ये अर्ज लिहिता येतो. अध्यक्ष कोण, हा विषय निघाला आणि सगळे एकदम छताकडे बघू लागले. बैठक होती अक्काच्या घराच्या बंद पडलेल्या भाताच्या गिरणीत, आणि अक्का बिचारी आमच्यासाठी चहा आणायला गेली होती. किटली घेऊन आत आली तर टाळ्या.

"कशाला वाजवताय?"

"अक्का, तू अध्यक्ष झालीस. बिनविरोध."

तिने आधी सगळ्यांना चहा दिला. मग म्हणाली, "कोन तरी मिळंस्तवर बगते." त्यानंतर कुणी मिळालं नाही, कारण कुणी शोधलंच नाही. आम्ही तिला एक खुर्ची दिली आणि आपापल्या कामाला लागलो.

बेळगावचा एक वार्ताहर एकदा तिच्यावर लिहायला आला. मुक्या प्राण्यांची ओढ कशी लागली, लहानपणी मनावर काही आघात झाला होता का, असं विचारून पेन सरसावून बसला. अक्काने खूप विचार केला. "गिरन रिकामी हुती," ती म्हणाली. आणि? "आनी काय? रिकामी हुती." तो लेख काही छापून आला नाही.

खरं सांगायचं तर अक्काला जनावरांतलं काही कळत नव्हतं. मालक नसलेलं जनावर आणि मालक समोर नसलेलं जनावर, यातला फरक तर तिला शेवटपर्यंत कळला नाही. कॅसलरॉकच्या स्टेशनावर एक कुत्रा एकटाच बसलेला असतो, असा कुणीतरी तिला निरोप दिला. अक्का लगेच भाड्याची जीप करून गेली आणि त्याला उचलून घेऊन आली. कुत्रा चांगला गुबगुबीत. त्याला ठेवलेली भाकरी त्याने हुंगलीसुद्धा नाही. आठवडाभराने रुळावर काम करणारे दोन गँगमन विचारत विचारत गिरणीत आले. तो कुत्रा त्यांचा होता. रोज सकाळी त्यांच्याबरोबर रुळावर जायचा, आणि गाडीतून आलेलं आमलेट खायचा. अक्काने त्यांनाच झाडलं, की मग त्याला एकटं बसवून जाता कशाला? ते बिचारे माफी मागून कुत्रा घेऊन गेले.

पण तिची खरी मोठी चूक म्हणजे गुंद गावची गुरं.

आमच्या डोंगरात भात कापून मळणी झाली की गुरं मोकळी सोडतात. ती रानात, रिकाम्या शेतात, रस्त्यावर कुठेही फिरतात, आणि नांगरटीचे दिवस आले की ज्याचा तो शोधून आणतो. इकडे शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. पण अक्का माहेरची खानापूरकडच्या दुकानदाराची, सासरची गिरणीवाली. तिने भात पाहिलं ते गोणीतलं. एका उन्हाळ्यात आम्ही गुंदला लग्नाला गेलो होतो. परत येताना रस्त्यावर हाडं वर आलेली काही गुरं उभी दिसली. गळ्यात दावं नाही, जवळ गुराखी नाही. लग्नाचं सामान पोचवून रिकामा परतणारा टेम्पो अक्काने थांबवला.

"अक्का, कुणाची तरी असतील ही," मी म्हटलं.

"आसली तर येतील न्यायला."

आंब्याखाली बसलेली चारदोन माणसं हा सगळा प्रकार बघत होती. एक बैल काही केल्या टेम्पोत चढेना, तेव्हा त्यांतला एक म्हातारा उठला, बैलाला मागून ढकलून वर चढवला, आणि पुन्हा जाऊन सावलीत बसला. अक्काने त्याला हात जोडले. गावात अजून भली माणसं आहेत, असं ती जोयडा येईपर्यंत सांगत होती.

उन्हाळाभर तिने त्या गुरांना विकतचा चारा घातला, जंतावरची औषधं दिली, गोचीड वेचले. नांगरटीच्या तोंडावर तोच म्हातारा गिरणीच्या दारात उभा.

"बैल न्ह्याला आलोय."

"कुनाचे?"

"माजे. म्यांच न्हाई का ढकलला?"

अक्का एवढी भडकली, की कुत्री भुंकायची थांबली. "मग तवा तोंडात काय धरलं हुतंस?"

"तू इचारलंस कुटं?" म्हातारा अगदी शांतपणे म्हणाला. "रानात सोडला की वाघ न्हेतो, अक्का. तुज्याकडं तू नुस्ती बोलतीस."

त्याला शिव्या देऊन तिचा घसा बसला, पण बैल दिले. बैलांची अंगं तुकतुकीत झाली होती. ते बघून गुंदमध्ये काय चर्चा झाली असेल, ते तुम्ही ओळखलंच असेल. पुढच्या वर्षी मळणी झाल्यावर सहा घरांची गुरं आपण होऊन गिरणीच्या दारात आली, मालकांसकट.

आमची तातडीची बैठक झाली. उपाध्यक्ष तापले. हा निवारा आहे की वसतिगृह? आज बैल आणलेत, उद्या म्हशी आणतील. (म्हशी दाराबाहेर उभ्याच होत्या.) अक्का सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "ऱ्हाऊ द्यात की. पिंजर घेऊन या म्हनावं." पिंजर म्हणजे भाताचा पेंढा. तो गुंदमध्ये मळणीनंतर ढिगाने पडलेला असतो. तेव्हापासून गुरं चालत यायची आणि मागून टेम्पोत पिंजर. ती पिंजर गुंदची गुरं खायची, कुणी टाकून दिलेल्या आमच्या म्हाताऱ्या गाई खायच्या, आणि उरलेलीवर कुत्री झोपायची. ज्या चुकीवरून आम्ही अक्काला हसलो, तिच्यावर निवारा चालू लागला. पुढे पुढे अक्का सांगायची, की हे तिने पहिल्या दिवशीच ठरवलं होतं. आम्हीही भाषणांत तसंच सांगू लागलो.

मागच्या पावसाळ्यात तिला दम लागू लागला. बादली उचलली की भिंत धरून उभी राहायची. बेळगावच्या डॉक्टरांनी सांगितलं, की आता लेकीकडे येऊन राहा. तिला स्वतःची काळजी नव्हती, गिरणीची होती. गिरणीची कागदपत्रं पुतण्याच्या नावावर, आणि पुतण्याचा दांडेलीकडे होमस्टे. वागायला गोड माणूस. "काकू, तू आहेस तोवर गिरण तुझी," असं नेहमी म्हणायचा. त्यातला 'तोवर' अक्काला बरोबर ऐकू यायचा.

"माज्या मागं ह्यी समदी रस्त्यावर येतील बग," ती मला म्हणाली. "एकजन मिळायला पायजे. चांगला नसला तरी चालंल."

तिने स्वतः बैठक बोलावली. आम्ही सगळे गेलो आणि एकेकाने उठून तिचा गौरव केला. एका उपाध्यक्षांनी तर चष्मा काढून डोळे पुसले. अक्का खाली मान घालून ऐकत होती. सगळ्यांचं झाल्यावर म्हणाली, "माजं कवतिक बास झालं. हात कोन वर करतंय ते बगू."

एकाचं बांधकाम चालू होतं. एकाच्या सुनेला दिवस गेले होते. एकाला कुत्र्याच्या केसांनी शिंका यायच्या, हे आम्हाला त्या दिवशी प्रथमच कळलं. माझं दुकान होतंच. अक्काने आमच्याकडे एकदा नीट बघितलं, खुर्चीचे हात धरून उठली आणि चहा ठेवायला गेली. दिवाळी झाल्यावर लेक येऊन तिला घेऊन गेली.

बेळगावहून रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा. कुठल्या गाईने खाल्लं, कुठली लंगडते, हे विचारून झालं की शेवटी, "कोन मिळालं काय?" मी म्हणायचो, "बघतोय." आठवड्याभरात मला त्या फोनचा कंटाळा आला होता. एका संध्याकाळी फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी लेकीचा आला. अक्का गेली होती. मला फार वाईट वाटलं. अजून त्या वेळेला माझं लक्ष फोनकडे जातं.

आम्ही शोकसभा घेतली. अक्काचा फोटो कुठल्या भिंतीला लावायचा यावर बरीच चर्चा झाली आणि एकमत न होता सभा संपली. कुत्र्यांना भात आणि गाईंना पाणी, मी दुकान उघडायच्या आधी जाऊन जमेल तसं करत होतो. फार बरं जमत नव्हतं. दोन गाई बसल्या त्या उठेनात.

मग एके दिवशी पुतण्या मोजायची फीत घेऊन आला. बरोबर बांधकामाचा माणूस. दोघं फीत धरून भिंतीकडे निघाले, तेवढ्यात रस्त्यावर घुंगरं वाजली. गुंदची मळणी आटोपली होती. सगळ्यात पुढे तो म्हातारा होता.

अक्का गेल्याचं तिकडे कुणाला कळलं नव्हतं. मी सांगितलं. म्हातारा तिथल्या मोठ्या वजनकाट्यावर जाऊन बसला. मग बरोबरच्यांना म्हणाला, "बांदा रं."

पुतण्या पुढे झाला. "अज्जा, काकू आता नाही. निवारा बंद होणार."

"व्हय, आयकलं. ती फीत जरा गुंडाळ, जनावर बिचकतंय."

"पण यांना सांभाळणार कोण?"

"आमी हाय की."

गुंदमध्ये पूर्वीपासून, भात शेतात उभं असतं त्या दिवसांत, सगळ्या गावाची गुरं एकत्र चरायला जातात आणि त्यांच्यामागे जायला घरटी एकेक वार ठरलेला असतो. ज्याचा वार, त्याने त्या दिवशी सगळ्यांचीच गुरं राखायची. आपलं कुठलं आणि दुसऱ्याचं कुठलं, हे बघायचं नाही. सहा घरांनी तिथेच उभ्या उभ्या वार वाटून घेतले. दावणीला होती तेवढी सगळी त्यात धरली. आमच्या म्हाताऱ्या गाई धरल्या, आणि कुत्रीही. आम्हाला इतकी वर्षं एक माणूस मिळत नव्हता. त्या गावात असा माणूस कधी लागतच नव्हता. पुतण्या गर्दीत भला वागणारा आहे. पावसाळ्यानंतर बघू म्हणाला आणि फीत खिशात घातली.

तेव्हापासून रोज सकाळच्या बसने गुंदचं कुणीतरी उतरतं आणि आदल्या दिवशीचं माणूस त्याच बसने परत जातं. बसून राहिलेल्या गाईंतली एक उठली. दुसरी गेली.

परवा मी दुकानाचं शटर वर करत होतो तर म्हातारा समोर बसची वाट बघत उभा. बुधवारचा वार त्याचा, तो करून निघाला होता. बस आली. तिच्यातून गुंदचं कुणी उतरलं नाही.

"अज्जा, आज कोण आहे?" मी विचारलं.

"आज बेस्तरवार. बेस्तरवार अक्काचा."

"अक्का तर गेली, अज्जा."

"म्हनून काय घराचा वार जातोय? मानूस गेलं तर त्येच्या घरचं कोन तरी करतंय. आजवर आमी भागवलं." तो पायरीवर चढला आणि वळून माझ्याकडे असं बघू लागला, जसं काही मी उशीर करतोय. "सकाळचं पानी दावून झालंय. पिंजर टाकायची ऱ्हायलीय."

बस गेली. चारही उपाध्यक्षांचे नंबर माझ्याजवळ होते. मी फोन हातात घेतला, थोडा वेळ तसाच धरला आणि खिशात ठेवून दिला. अर्धं वर गेलेलं शटर खाली ओढलं, कुलूप लावलं आणि गिरणीकडे गेलो.

फाटकाची कडी वाजली तशी सगळ्यांनी माना वर केल्या. मी आहे असं बघून पुन्हा खाली घातल्या. मी बाह्या सरसावल्या आणि पिंजर ओढायला घेतली.