एक बेचाळीसची नोंद

भूत, नवस, अंगात येणं... आमच्या घरात यातलं काहीच नाही. वडील कंपनीत कामगार होते. बुद्धवंदना सोडली तर घरात कसला विधी नाही. मीही असल्या गोष्टी हसण्यावारी नेणारीच. तरी हे लिहितेय, कारण माझ्याच स्क्रीनवर घडलंय.

संत तुकाराम नगरला राहते, चाकणच्या एका कंपनीत डेटाबेस सांभाळते. त्यात टाइम झोनची फाइल बाहेरून टाकावी लागते – कुठल्या देशाचं घड्याळ किती पुढे, किती मागे, ते सांगणारी. त्या दिवशी अपडेटमध्ये ती उडाली आणि सकाळी सातची हजेरी साडेबाराची दिसायला लागली. कारखान्यातल्या शॉपमधून, म्हणजे कामाच्या विभागांतून, फोनवर फोन. अकरापर्यंत फाइल परत टाकली, सगळ्या वेळा जागेवर आल्या.

एक सोडून. प्रेस शॉपचे कामगार दत्तूभाऊ – गेटमधून बाहेर, दुपारी १:४२:१६. तारीख आजचीच, आणि आत्ता तर अकराच वाजले होते.

सकाळच्या घोळाचे साडेपाच तास वजा केले तर आठ बारा. तेव्हा ते मशीनवर होते, सुपरवायझर शेजारीच उभा होता. नोंद डिलीट केली. रिफ्रेश केलं – परत हजर. असं तीनदा. सॉफ्टवेअरवाल्यांचं एकच पालुपद, "मॅडम, तुमची फाइल जुनी असेल." डोकं फिरलं. शेवटी दत्तूभाऊंनाच बोलावून घेतलं.

"मी हितंच हाय की मॅडम. भाईर कवा गेलो?"

"सिस्टिम बिघडलीय. जा, काम करा तुम्ही," मी वैतागून म्हटलं.

जेवणाच्या सुट्टीनंतर त्यांना देहूहून, घरून फोन आला – आई अंगणात पडली. दत्तूभाऊ गेटवर कार्ड टेकवून तसेच पळाले. गेटच्या मशीनवर वेळ १:४२:१६. डेटाबेसमध्ये नवी ओळ आलीच नाही. होती तीच, एकच.

ते पोहोचायच्या आत आई गेल्या होत्या.

फाइल, लॉग, बॅकअप – सगळं तपासलं, दुसऱ्यांकडूनही तपासून घेतलं. कशातच काही सापडलं नाही.

तेराव्यानंतर दत्तूभाऊ माझ्या टेबलापाशी आले. "त्या दिशी मला बोलावलंत, तवा तुमाला काय दिसलं व्हतं?"

मी खरं ते सांगितलं.

"मंग तवाच जा म्हनायचं व्हतं," एवढंच म्हणाले.

ती नोंद कुठून आली, मला आजही सांगता येत नाही. ती परत डिलीट करायला मात्र मी हात लावलेला नाही.