पेढा मागणारा मुलगा

"तुमच्याकडचं कोणीतरी आमच्या मुलाला रोज पेढे देतंय," मृदुला म्हणाली आणि तिनं फोन टेबलावर जवळजवळ आपटला. शेजारी तिचा नवरा सागर हाताची घडी घालून बसला होता. समोर आमच्या सेंटर हेड शिल्पा मॅडम होत्या, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर मी.

मी आहारतज्ज्ञ आहे. बंगळूरच्या होसूर रोडवरच्या एका डे-केअरमध्ये आठवड्यातून दोन दिवस जाते. मुलांचा मेनू ठरवते आणि जी मुलं भाज्या-फळं खात नाहीत त्यांच्या आईबापांशी बोलते. अशा मुलांना 'पिकी ईटर' म्हणतात. आमच्या यादीत तेव्हा नऊ मुलं होती आणि मृदुला-सागरचा ओजस पहिल्या नंबरावर होता. वय सव्वादोन. आठ महिन्यांपूर्वी हे कुटुंब पुण्याहून इथे आलं. दोघंही आयटीत.

"घरी आम्ही गोड ठेवतच नव्हतो," मृदुला म्हणाली. "पण भाजीचा चमचा पुढे केला की ह्याचं सुरू, पेढा, पेढा. सफरचंद दाखवा, पेढा. दुधी दाखवा, पेढा. हा शब्द त्याला शिकवला कोणी? शेवटी सागरनं एक डबा आणला. आता एक पेढा दिला की एक घास खातो."

शिल्पा मॅडमना मराठी येत नाही. मी त्यांना हिंदीत सांगितलं, "बच्चा हर बार मिठाई माँगता है." त्यांनी डायरीत लिहिलं, 'स्वीट्स'.

हा एक शब्द बदलला तिथेच सगळं घोडं अडलं. पण ते मला खूप नंतर कळलं.

ओजस ज्यांच्या गटात होता त्या रत्नम्मा. पन्नाशीच्या, सेंटरमध्ये सहा वर्षं. मुलांना भरवण्यात त्यांचा हात धरणारं आमच्याकडे कोणी नव्हतं, आणि हे मी डिग्री असलेल्यांना धरून म्हणते. आमच्या कामात एक साधा नियम आहे. ताटात काय वाढायचं आणि कधी, ते मोठ्यांनी ठरवायचं. खायचं की नाही आणि किती, ते मुलानं. पालकांना हे समजावताना माझ्या तोंडाला फेस येतो. रत्नम्मांना मी हे कधीच शिकवलं नव्हतं. त्या ओजससमोर उकडलेल्या गाजराचा तुकडा धरायच्या आणि कन्नडमध्ये विचारायच्या, "बेका? बेडवा?" म्हणजे हवं का, नको का. तो "बेडा" म्हणाला, म्हणजे नको म्हणाला, की त्या तुकडा परत ताटलीत ठेवायच्या आणि दुसऱ्या मुलाकडे वळायच्या. आग्रह नाही, विमान नाही, चिऊ-काऊ नाही. आपलं नको ऐकलं जातं हे ज्या मुलाला कळतं त्याची जेवणाची भीती जाते. दीड महिन्यात ओजस स्वतःच्या हातानं गाजर उचलायला लागला. मग पपई. मग बीन्स.

पण आमच्याकडे पालकांसाठी एक ॲप आहे. प्रत्येक जेवणानंतर त्यात तीनपैकी एक बटण दाबायचं: फिनिश्ड, हाफ, रिफ्यूज्ड. बाकीच्या बायका डोळे मिटून फिनिश्ड दाबायच्या आणि उरलेलं बादलीत टाकायच्या. रत्नम्मा खरं ते दाबायच्या. त्यामुळे ओजसच्या आईबापांना ऑफिसात रोज दिसायचं, रिफ्यूज्ड, रिफ्यूज्ड, हाफ. त्यांच्या दृष्टीनं ही बाई मुलाला नीट भरवत नव्हती. आता वर पेढे.

मीटिंगनंतर मी रत्नम्मांना पँट्रीत गाठलं आणि कन्नडमध्ये विचारलं, मुलाला स्वीट दिलंत का?

"इल्ल, अक्का," त्या म्हणाल्या. नाही. "मी कशाला देऊ? तो आता गाजर खातोय."

त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं होतं. मी मात्र त्यांच्या मागच्या फळीकडे पाहत होते. तीन आठवड्यांपूर्वी लेकीला मुलगा झाला म्हणून त्यांनी त्याच फळीवर पेढ्यांचा डबा ठेवून सगळ्यांना वाटले होते. एक मीही खाल्ला होता. पँट्रीत कॅमेरा नव्हता. माझ्या डोक्यात दोन आणि दोन चार झाले आणि मी स्वतःवर खूश झाले.

"मॅडम, इट्स अ ट्रस्ट इश्यू," शिल्पा मॅडम म्हणाल्या. "पेरेंट्सने हेड ऑफिस को मेल किया है. आप एक्सपर्ट हैं, एक लाइन लिख दीजिए."

मी लिहिलं. 'कर्मचाऱ्याकडून गोड पदार्थ दिला गेल्याची शक्यता नाकारता येत नाही.' असली वाक्यं लिहायला आम्हाला बरोबर जमतात. त्यात कोणावर आरोप नसतो आणि माणूस मात्र जातो. शुक्रवारी दुपारी रत्नम्मांचं आयडी कार्ड काढून घेतलं. त्या जाताना मुलं झोपली होती. मी बाहेर आलेसुद्धा नाही. मला लाज वाटत होती असं म्हणायला आवडेल, पण खरं म्हणजे मी पुढच्या आठवड्याचा मेनू करत होते.

नवीन बाई आली. ती फोनवर कार्टून लावायची आणि मुलाचं तोंड उघडं दिसलं की घास आत. ॲपवर फिनिश्ड, फिनिश्ड, फिनिश्ड. मृदुलाचा मला मेसेज आला, "थँक यू सो मच ताई, आपलं माणूस असल्याचा फायदा." सोबत हात जोडलेलं चित्र.

तिसऱ्या आठवड्यात झोपेच्या वेळी ओजस खोकायला लागला. गाल दाबून पाहिला तर आत जेवणातलं गाजर, तासाभरापूर्वीचं. याला आम्ही 'पॉकेटिंग' म्हणतो. मूल घास गिळत नाही, थुंकत नाही, गालात साठवून ठेवतं. नको म्हणायचे सगळे रस्ते बंद झाले की मुलं हे करतात. झोपेत तो तुकडा घशात गेला असता तर मी आज हे लिहीत नसते, कुठल्या तरी चौकशीत उत्तरं देत असते. वजनही उतरलं होतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे सेंटरमध्ये तो आता जेवताना एक अक्षर बोलत नव्हता.

मी मृदुलाला घरच्या जेवणाचा व्हिडिओ मागितला. हे मी पहिल्याच दिवशी मागायला हवं होतं. कुठल्याही शिकाऊ मुलीला मी तेच सांगते.

व्हिडिओ रविवारी सकाळी आला. आम्ही जयनगरला राहतो, आमच्या घराण्याच्या किती पिढ्या या गावात झाल्या ते आम्हालाही सांगता येत नाही. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड. दोन्ही भाषा आपल्याच, असा आम्हाला भारी गर्व. मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून व्हिडिओ लावला. यजमान माझ्याकडे पाठ करून घेवड्याच्या शिरा काढत होते.

व्हिडिओत मृदुलाचा हात दिसत होता, चमच्यात पपई. ओजसनं तळहात पुढे केला, मान फिरवली आणि काहीतरी म्हणाला. "आधी पपई, मग पेढा," मृदुलाचा आवाज. तो पुन्हा म्हणाला, रडत. चमचा तोंडात गेला. मग सागरचा हात आला, त्यात पेढा.

"अगं, ते पोर बेडा बेडा म्हणून रडतंय," यजमान मागे न वळता म्हणाले, "तर का कोंबताहेत त्याच्या तोंडात?"

मी व्हिडिओ पुन्हा लावला. मग पुन्हा. बोबड्या बोलातला ब. बेडा. नको. सव्वादोन वर्षांचं मूल दिवसाचे नऊ तास ज्या बाईजवळ काढत होतं, तिच्या भाषेत तिनं शिकवलेला नकार घरी येऊन देत होतं. आणि घरचे दर नकाराला एक पेढा देत होते. पेढा काय, कुठलंही मूल खाईल.

त्यांना कन्नड येत नव्हतं. सरी म्हणजे बरं आणि स्वल्प म्हणजे थोडं, एवढ्यावर त्यांचं रिक्षावाल्यांशी भागत होतं. त्यांना मी काय बोलू? मला तर दोन्ही येतं. मी मृदुलाशी मराठीत बोलत होते म्हणून मराठीतच ऐकत बसले. तिनं पेढा म्हटलं, मी मिठाई म्हटलं, शिल्पा मॅडमनी स्वीट्स लिहिलं, आणि तोच स्वीट घेऊन मी रत्नम्मांपुढे उभी राहिले. मला स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटलं.

सोमवारी मी दोघांना सांगितलं. मृदुला रडली. "आम्हाला कोणी सांगितलंच नाही हो," ती म्हणाली, आणि ते खरंच होतं. मग म्हणाली, "त्या बाईंना परत बोलवा ना. ओजस खाईल." शिल्पा मॅडम म्हणाल्या, "केस क्लोज्ड है, मॅडम." मी अडून बसले. शेवटी त्या तयार झाल्या, पण 'फ्रेश जॉइनिंग' म्हणून, सहा महिने प्रोबेशनवर. चुकीची कबुली कागदावर नको होती.

रत्नम्मा बोम्मसंद्रामध्ये एका कारखान्याच्या कँटीनमध्ये भाजी चिरायला लागल्या होत्या. मी गेले तेव्हा पुढ्यात गाजरांचा ढीग होता. त्यांनी मला बसायला क्रेट दिला. मी सगळं सांगितलं. पेढा आणि बेडा ऐकून त्या हसतील असं मला वाटलं होतं. त्या हसल्या नाहीत.

"तुम्ही त्या दिवशी मला पेडा म्हणाला असतात तर मी तिथल्या तिथे सांगितलं असतं," त्या कन्नडमध्ये म्हणाल्या. "तुम्ही स्वीट म्हणालात."

"चुकलं माझं," मी म्हटलं.

"मूल जेवतंय का?"

मी खरं सांगितलं. त्यांची सुरी थांबली. "गालात?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि पुन्हा गाजर हातात घेतलं. मग मी परत येण्याचं विचारलं. प्रोबेशनचंही सांगितलं, लपवून काय करणार.

"बेडा, अक्का," रत्नम्मा म्हणाल्या.

मी आणखी एकदा विचारायला तोंड उघडलं होतं. मग मिटलं.

ओजस आता हळूहळू खातो. मृदुलानं बेका-बेडवा पाठ केलंय, तिचे उच्चार ऐकून आमचे यजमान हसतात. केळं आणि पपई चालते. गाजराला तो अजून हात लावत नाही. माझं ते वाक्य फाइलमध्ये तसंच आहे. खाली दुरुस्ती जोडायची परवानगी मी दोनदा मागितली, उत्तर आलं नाही.

एक गोष्ट माझ्या हातात होती, ती मी केली. नवीन मुलांच्या फॉर्मवर, ॲलर्जीच्या खाली, एक रकाना वाढवला: मूल 'नको' कोणत्या शब्दात म्हणतं? बहुतेक पालक तो रिकामा सोडतात.