प्रेमलाबाईंचा लोकरीचा अंदाज

रायपुरात गुढियारीच्या आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, प्रेमलाबाईंशी लोकरीवरून वाद घालायची कोणाची टाप नाही. माझ्या जावेने एकदा घातला. तिचं स्वेटर एका बाहीविना राहिलं.

बाई मूळच्या वर्ध्याच्या. यजमान नरेशराव रेल्वेत गार्ड. ते रिटायर झाले आणि त्याच सुमारास रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं. नवी ऑफिसं आली, साहेबांच्या बायका आल्या, आणि हातानं विणलेल्या स्वेटरला एकाएकी भाव आला. गोलबाजारातला लोकरवाला भैय्यालाल गिऱ्हाइकाला सरळ सांगायचा, आधी दीदींना विचारून या, मग लोकर तोलतो.

बाईंचं शास्त्र साधं होतं. लोकर आपण वजनावर विकत घेतो, पण विणताना लागते ती लांबी. बारीक, दोन प्लायच्या म्हणजे दोन पदरांच्या लोकरीचा गोळा सुटतच राहतो. जाड लोकर तेवढ्याच वजनात चटकन संपते. म्हणून जुनं बारीक लोकरीचं स्वेटर तोलून तेवढ्याच वजनाची जाड लोकर आणणारीला त्या तोंडावर अडाणी म्हणत, मग ती कलेक्टरची बायको का असेना. आधी त्याच लोकरीचा, त्याच सुयांवर तळहाताएवढा चौकोन विणायचा. तो किती लोकर खातो ते बघायचं, अंगावर असे किती तळहात बसतात ते बघायचं, आणि वर थोडी जास्त घ्यायची, कारण नंतर धावत गेलं तर तोच रंग मिळत नाही.

नरेशरावांच्या स्वेटरला मात्र ना चौकोन ना माप. ते अंग त्यांच्या बोटांना पाठ होतं. शेवटी उरायची ती एखादं बटण लावण्यापुरती लोकर, आणि ती त्या आम्हाला मुद्दाम दाखवायच्या. मिरवायची हौस दांडगी.

एका वर्षी दिवाळीनंतर त्यांनी नेहमीची चार प्लायची राखाडी लोकर आणली. पाठ विणून झाली, नरेशरावांच्या पाठीला लावून पाहिली, तर दोन्ही बाजूंनी चांगली दोन बोटं बाहेर. हात सैल पडला असेल म्हणून त्यांनी सगळं उसवलं, आणि नवऱ्याच्या स्वेटरसाठी पहिल्यांदाच चौकोन विणला. चौकोन नेहमीसारखाच आला. म्हणजे लोकरीत खोट नव्हती आणि हातातही नव्हती. मग त्यांनी टाके कमी करून अंगाबरोबर स्वेटर विणलं, आणि शेवटी एक अख्खा गोळा उरला.

दुसरी कोणी असती तर लोकर वाचली म्हणून खूश झाली असती. बाई तो गोळा मांडीवर घेऊन बसून राहिल्या. मी समोरच होते. घाबरलेल्या प्रेमलाबाई मी त्याआधी कधी पाहिल्या नव्हत्या.

नोकरी सुटल्यापासून नरेशराव नाडीचा पायजमा घालत. कंबर घटली तरी नाडीचं काय बिघडतं, जरा जास्त ओढली की झालं. रोज पाहणाऱ्या आम्हा शहाण्यांनाही काही दिसलं नव्हतं. मुलगी कौमुदी मंत्रालयात नोकरीला, ती हसली. "मम्मी, पापा रोज सुबह घूमने जाते हैं, फिट हो गए हैं." नरेशरावांनीही तीच री ओढली. म्हणाले, या वयात जेवण हलकंच बरं, दवाखान्याचं खूळ काढू नको.

"फिरल्यानं माणूस पोटात उतरते," बाई म्हणाल्या. "खांद्यात नाही. उद्या दवाखान्यात चाला."

दुसऱ्या दिवशी मीही सोबत गेले. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, वजन किती कमी झालं? नरेशराव म्हणाले, काहीच नाही. तेव्हा बाईंनी पिशवीतून गोळा काढून टेबलावर ठेवला आणि सगळी हकीकत सांगितली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण डॉक्टरांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मग छातीचा फोटो काढायला आणि थुंकी तपासायला सांगितलं.

दोन दिवसांनी रिपोर्ट घ्यायला आम्ही तिघं पुन्हा गेलो. क्षय निघाला. फार पसरला नव्हता; औषधं नेमानं घेतली तर पूर्ण बरे व्हाल, असं डॉक्टरांनी छातीठोकपणे सांगितलं.

परतताना ऑटोत मी कडेला, मध्ये बाई, पलीकडे नरेशराव. स्टेशन ओलांडल्यावर ते खाली मान घालून बोलले.

"रात्री घामानं बनियन भिजून राहिलं होतं. मी गुपचूप बदलून टाको. भेव वाटे. म्हटलं, कोणाले समजणार नाही."

"बनियन लपवलं तुम्ही," बाई म्हणाल्या. "खांदे कुठी लपवणार होते माह्यापासून?"

मग घर येईपर्यंत त्या रडत राहिल्या, आणि नरेशराव त्यांचा हात धरून बसले.