करवतीवरचा आळ

शीतयंत्रांत त्याचा जीव गुंतलेला, म्हणून प्रयोगशाळेत सगळे त्याला ‘थंडोबा’ म्हणत.

दोन खोल्यांत दोन शीतयंत्रं, प्रत्येकात नखाएवढी अतिवाहक चिप, आणि भिंतीतून आरपार गेलेली, तितकीच गार ठेवलेली नळी. नळीतून सूक्ष्मलहरीचा एकच कण धाडून दोन चिपांच्या अवस्था एकमेकींत गुंतवायच्या, म्हणजे दोन्हीकडची उत्तरं एकमेकांशी जुळावीत. पुढेमागे याच गुंत्याच्या जोरावर कुणाला चोरून ऐकता येणार नाही असे निरोप पाठवायचा बेत होता. पण गुंता जमायचा आणि बघता बघता विस्कटायचा.

“काहीतरी हादरतंय,” संचालकबाई म्हणाल्या. “शोधा.”

तळघरात त्याचा धाकटा मेहुणा सुतारकाम करायचा. ती जागा थंडोबानंच शब्द टाकून मिळवून दिलेली. आता बोटही त्यानंच दाखवलं, “खालची करवत.” मोजून बघायची तसदी घेतली नाही. मेहुण्यानं मुकाट्यानं गाशा गुंडाळला. घरी बायकोनं बोलणं टाकलं.

करवत थांबली, गुंता मात्र तसाच विस्कटत राहिला. मग कुठे त्यानं नळीवर कंपमापक चिकटवला आणि एकेक यंत्र बंद करत गेला. शीतयंत्राचा पंप थांबताच पडद्यावरची रेघ निजली. पंपाचा पाइप नळीच्याच आधाराला आवळून बांधलेला होता. बांधणारा तो स्वतः.

त्यानं मान खाली घालून बाईंना सगळं सांगितलं. पाइप सोडवला, आणि गुंता टिकला. लोक पाठ थोपटायला आले. प्रत्येक थापेसरशी त्याला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

मेहुणा आता एका पत्र्याच्या शेडमध्ये काम करत होता. “बसा ना दाजी,” म्हणत त्यानं भुसा झटकून स्टूल पुढे केलं. हा मान थंडोबाला शिवीपेक्षा झोंबला.

“चूक माझी होती. बाई जागा परत द्यायला तयार आहेत.”

“ताई म्हणाली.” रंधा थांबला नाही. “एकदा खाली आला असतात, तर मीच करवत बंद करून दाखवली असती. कितीसं काम होतं?”

थंडोबा स्टुलाच्या कडेवर टेकला. “येशील ना?”

“नको. इथं आवाज झाला तर कुणी माझ्याकडे बघत नाही.”

मेहुण्यानं लांब फळी उचलली. थंडोबानं उठून तिचं दुसरं टोक धरलं. मेहुणा ‘राहू द्या’ म्हणाला नाही, आणि त्यानं वरही पाहिलं नाही.