घोळ आणि अरब वैद्य

ऐंशीच्या दशकात बॉटनीत एम.एस्सी. करून मी नवऱ्याच्या व्हिसावर अमेरिकेत पार्सिपनीला आले. नोकरीची परवानगी नव्हती आणि गाडी चालवता येत नव्हती. शनिवारी नवरा लायब्ररीत सोडायचा. तिथे मला मध्ययुगातल्या एका अरब वैद्यावरचं पुस्तक सापडलं. औषधी वनस्पती स्वतःच्या डोळ्यांनी पाहायला हा गृहस्थ स्पेनहून थेट सीरियापर्यंत गेला होता. मला त्याचा भयंकर राग आला.

त्याच्या वनस्पतींत घोळ होती, आपण भाजी करतो तीच. सोमवारी पिशवी घेऊन मी घोळ शोधायला चालत निघाले. फुटपाथ नव्हताच. हायवेच्या कडेला वाकून घोळ उपटत होते, तेवढ्यात पोलिसाची गाडी थांबली. साडीतली बाई इथे पायी चालतेय म्हणजे हरवलीच असणार, असं त्याला वाटलं. त्याने मला अगदी अदबीने घरी आणून सोडलं.

संध्याकाळी नवऱ्याने भाजी चाटूनपुसून खाल्ली आणि विचारलं, "घोळ कुठे मिळाली?"

"हायवेवर. चालत गेले होते."

"चालत? वेडी आहेस का? शनिवारपर्यंत थांबायचंस ना, मी नेलं असतं."